अठ्ठावीस इंच

जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या हॉलमध्ये आल्या होत्या. दोन पुढे, तीन मागे. घरधनी पडदे शिवणारा. तो उकिडवा बसून टेपने दोन रांगांमधलं अंतर मोजत होता.

"अठ्ठावीस इंच," तो म्हणाला. "स्वस्तातल्या विमानात एका पाठीपासून दुसऱ्या पाठीपर्यंत एवढीच जागा. विमान कंपनीनं स्वतःच लिहिलंय."

मोजल्याशिवाय हा माणूस कशालाच हो म्हणत नसे. लग्नाला कसा हो म्हणाला, याचं बायकोला अजून नवल वाटायचं.

सुट्टीत सगळ्यांनी मिळून लांब जायचं, एवढं ठरलं होतं. घोडं विमानापाशी अडलं होतं. एक विमान थेट जाणारं, ऐसपैस. पण जमवलेल्या पैशांत त्याची चारच तिकिटं येत होती. दुसऱ्यात पाचही जण मावत होते, फक्त अंग चोरून. चारच गेले तर मागे कोण राहणार, हे कोणी बोललं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती.

पडदेवाल्याच्या वडिलांचा डावा गुडघा फार वेळ वाकवून ठेवला की आखडायचा, आणि मग सरळ व्हायला का कू करायचा. म्हणून ही तालीम. सिनेमा संपेपर्यंत बसायचं, मध्ये उठायचं नाही. बाबांना जमलं तर पाच तिकिटं काढायची.

"आणि नाही जमलं तर?" धाकट्या लेकीनं विचारलं.

"तू आधी पट्टा बांध," थोरली म्हणाली. पट्टे म्हणजे पडदे आवळायच्या पट्ट्या होत्या. दुकानातून डझनभर आल्या होत्या.

आजोबा मागच्या रांगेत कडेला बसले. धाकटी त्यांच्या पुढे. थोरली ट्रे घेऊन दोन रांगांच्या बाजूनं ऐटीत चालत आली.

"सर, पाणी घेणार?"

"नको बाई. मग उठावं लागेल."

सगळे हसले. सिनेमा सुरू झाला. त्यात कोण कोणाच्या मागे का धावतंय, याकडे आजोबांचं लक्ष नव्हतं. त्यांना जायचं होतं. लहान मुलाला जत्रेत जायचं असतं तसं, अगदी हट्टानं जायचं होतं. फक्त या वयात हट्ट करता येत नाही, एवढीच अडचण होती.

अर्ध्यावर पडदेवाला उठला. "आता पुढचा प्रवासी सीट मागे करणार," असं म्हणून त्यानं धाकटीच्या खुर्चीच्या पुढच्या पायांखाली दोन जाड कॅटलॉग सरकवले. खुर्ची मागे कलली आणि तिची पाठ आजोबांच्या गुडघ्याला जाऊन भिडली.

"लागतंय का बाबा?"

"छे! उलट आधार झाला."

पडदेवाल्यानं वडिलांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मापात तो कधी चुकत नसे. तोंडावरून मात्र त्याला कधीच काही कळलं नव्हतं.

सिनेमा संपला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, विमान उतरल्यासारख्या. पट्टे सुटले. मुली स्वयंपाकघरात चिवड्याच्या डब्यावर तुटून पडल्या.

"पास!" पडदेवाला म्हणाला. त्याचा आवाज मोकळा झाला होता; बाप नापास झाला असता तर काय बोलायचं, हे त्याला सुचलंच नव्हतं. "चहा घेतो आणि लगेच बुक करतो. चला बाबा."

"विमानात चहा जागेवर मिळतो ना? मग इथेच पाठव."

तो हसत आत गेला. सून चहा घेऊन बाहेर आली. आजोबांचे दोन्ही हात खुर्चीच्या कडा घट्ट धरून होते आणि वरचा ओठ घामानं भिजला होता. पंखा तर जोरात चालू होता. तिनं कप खाली ठेवला, खुर्चीखालचे कॅटलॉग काढले आणि ती पुढची खुर्ची आवाज न करता पुढे ओढली.

आजोबांनी दोन्ही हातांनी मांडी धरून पाय थोडा थोडा पुढे ढकलला. गुडघा कटकन वाजला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बाबा, कशाला हो असं?" तिचे डोळे भरून आले होते. "सांगू का त्यांना?"

आतून चपलांचा आवाज आला, तसे आजोबा हळूच म्हणाले, "खुर्ची परत लाव, सूनबाई. तो येतोय."

तिनं खुर्ची मागे सरकवली, कॅटलॉगही खाली घातले.

पडदेवाला मांडीवर लॅपटॉप घेऊन सोफ्यावर बसला. "पाच जण," तो टाइप करता करता म्हणाला. "आता सीटा निवडायच्या. बोला पटापट, कोणाला कुठली?"

"खिडकी माझी!" आतून धाकटी ओरडली.

"आईलाही खिडकी हवी होती," थोरली म्हणाली.

आजोबा सुनेकडे बघत होते. ती बोलली तर चार तिकिटं, गप्प राहिली तर पाच. तिनं कप उचलून त्यांच्या हातात दिला, आणि तो हात स्थिर होईपर्यंत बशी धरून ठेवली.

"बाबांना कडेची घ्या," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि त्यांच्या बरोबर पुढची मला."

"पुढची? तिथे काय ठेवलंय? ना खिडकी, ना काही. एवढ्या लांबच्या प्रवासात सीट मागे करून झोप तरी काढ चांगली."

"नको," ती म्हणाली. "मला ताठ बसायची सवय आहे."