सुरक्षेचं प्रात्यक्षिक

सरकारी मनोरुग्णालयाच्या अंगणात सकाळी सुरक्षेचं प्रात्यक्षिक ठरलं होतं. रुग्ण बिथरला तर त्याला कसं आवरायचं, हे नवे रक्षक वरून आलेल्या साहेबांना करून दाखवणार होते. कर्मचाऱ्यांना आदल्या दिवशीच बोलावून सगळं समजावलं होतं. रुग्णांना मात्र कुणी काही सांगितलं नाही. उगाच घाबरतील, असं सुरक्षाप्रमुखांचं मत पडलं.

बिथरलेल्या रुग्णाचं काम वॉर्डात कामाला असलेल्या मामांच्या गळ्यात पडलं. अंगानं काटकुळे, उचलायला सोपे. मामांनी नको नको म्हणून पाहिलं, पण त्यांना विचारतो कोण! रुग्णांचे निळे कपडे चढवून ते अंगणात आले आणि लाजत लाजत ओरडायला लागले.

"जरा जीव ओतून करा हो," प्रमुख म्हणाले.

मामांनी जीव ओतला. रक्षकांनी त्याहून जास्त ओतला. हात मुरगाळून त्यांना पालथं पाडलं आणि एक जण पाठीवर गुडघा रोवून बसला. आता मामांचं ओरडणं खोटं राहिलं नव्हतं. साहेब खूश दिसत होते.

व्हरांड्यात एक तरुण घरी जायला तयार होऊन बसला होता. डॉक्टरांनी त्याच्या सुटीच्या कागदावर सही केली होती. थोरली बहीण त्याच्या नव्या शर्टाची कॉलर सारखी करत होती. याला घरी आणायचं म्हणून ती कित्येक महिने नवऱ्याशी भांडली होती. काल कुठे तो कसाबसा हो म्हणाला होता.

"ताई, मामांना मारतायत," तरुण म्हणाला.

तिनं हात धरायच्या आत तो अंगणात पोचलाही. त्यानं कुणाला मारलं नाही. पाठीवरच्या रक्षकाला दंडाला धरून फक्त बाजूला ओढलं. लगेच तिघे त्याच्यावर तुटून पडले. हाही कार्यक्रमातलाच भाग असेल असं वाटून साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनीही.

मामा धडपडत उठले. तो मला सोडवायला आला होता, असं त्यांनी प्रमुखांना सांगितलं, डॉक्टरांपुढे हात जोडले. रक्षकाच्या अंगाला हात लावणाऱ्याला सोडता येत नाही, असं प्रमुखांनी ऐकवलं. आणि नियम काय साहेबांच्या डोळ्यांदेखत मोडायचा? डॉक्टरांनी साहेबांकडे पाहिलं, मग सही केलेला कागद घडी करून खिशात ठेवला.

"आज राहू द्या. पुन्हा तपासू," ते बहिणीला म्हणाले.

"पुन्हा माझा नवरा हो म्हणणार नाही, डॉक्टर."

साहेबांसाठी चहा आला होता, तिकडे डॉक्टर गेले. प्रात्यक्षिक अगदी खऱ्यासारखं झालं, असं साहेब प्रमुखांना सांगत होते.

तरुणाचा गाल अजून मातीत दाबलेला होता. नव्या शर्टाची बाही खांद्यापासून उसवली होती. त्यानं कशीबशी मान वळवून मामांना शोधलं.

"मामा," तो म्हणाला, "तुम्हाला फार लागलं नाही ना?"