जुना व्रण

"आईंना सांगू नका," डॉ. कुसाकाबे म्हणाले आणि क्योहेईने मान डोलावली.

पोटाचा कॅन्सर होता आणि तो आतल्या पडद्यापर्यंत पसरला होता. एकाच औषधाने भागणार नव्हतं. एक औषध सलाईनमधून, दुसरं नळीने थेट पोटात, शिवाय रोजच्या गोळ्या. तिन्हींनी मिळून गाठ आक्रसली, तरच शस्त्रक्रिया.

क्योहेई गाडीत बसून मनसोक्त रडला. शाळेची बस चालवणारा बेचाळीस वर्षांचा बाप्या, पण शेजाऱ्यांचं मांजर मेलं तरी त्याला दोन दिवस जेवण जात नसे. मग तोंड धुऊन तो आईकडे गेला. ती, हात्सुए, खाटेवर बसली होती. पोटात जुना व्रण आहे, काही महिने औषधं घ्यावी लागतील, असं त्याने तिला सांगितलं.

"बरं," ती म्हणाली.

योकोते गावातलं तिचं टोफूचं दुकान त्याच्या बायकोने सांभाळलं. दवाखान्याच्या फेऱ्या त्याच्याकडे आल्या. हात्सुए दर वेळी काहीतरी विचारी आणि तो बेधडक ठोकून देई. सलाईन कशाला, तर रक्त वाढायला. पोटातली नळी कशाला, तर व्रण धुवायला. रात्री अंथरुणात पडून तो उद्याची थाप जुळवी.

केस गळू लागले. रक्त कमी असलं की केस जातात, असं त्याने सांगितलं. आई त्याच्या टकलाकडे बघत राहिली.

"मग आधी तुला सलाईन लावायला हवं होतं."

दोघं इतके हसले की नर्स पडदा सारून बघून गेली.

चौथ्या महिन्यात भाताची पेजही तिच्या पोटात ठरेना. आता पुरे, असं ती म्हणाली. क्योहेईने तोंडावर हसू आणलं.

"व्रण अर्धवट सोडला की चिघळतो, आई."

"तू म्हणतोस म्हणून हं."

सातव्या महिन्यात गाठ आक्रसली. शस्त्रक्रिया सहा तास चालली. जठर काढलं. डोळ्यांना दिसेल अशी गाठ आत उरली नव्हती. औषधं पुढेही चालणार होती आणि खात्री कुणी देत नव्हतं. तरी हात्सुए घरी आली. चमचाभर टोफू खाऊन, सुनेला नीट जमलेला नाही, असं तिने सुनावलंही.

क्योहेई डॉक्टरांना भेटायला गेला. कमरेत वाकून त्याने आभार मानले. न सांगण्याचा सल्ला तुम्ही दिलात म्हणून आई तरली, असं तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला खुर्चीवर बसवलं.

"आता सांगायला त्यांची हरकत नाही. तुम्ही यायच्या आठवडाभर आधी त्या एकट्याच आल्या होत्या. सगळं ऐकलं, कोणकोणते उपचार एकत्र घ्यायचे तेही त्यांनीच ठरवलं. मग मला म्हणाल्या, मुलाला सांगा, आईला कळू देऊ नकोस. म्हणजे माझ्यासमोर तरी त्याला हसावं लागेल."