कोथिंबिरीची काडी

क्लिक! पेढा नावाचा ससा उडी मारून रिंगेतून पलीकडे गेला आणि ऋजुतानं लगेच त्याच्या तोंडाशी कोथिंबिरीची काडी धरली. सोसायटीतल्या बायका हरखून गेल्या.

"सशाला शिकवायचं म्हणजे धीर हवा," ती म्हणाली. "चुकला तरी रागवायचं नाही. जमलं, की त्याच क्षणी हातातला हा क्लिकर दाबून वाजवायचा आणि खाऊ द्यायचा. ओरडलात, की बसलाच बघा पाठ फिरवून!"

बायका गेल्यावर ती आत आली, हातातला क्लिकर आणि उरलेली कोथिंबीर पलंगावर टाकली. पलंगावर बसून तिचे वडील शर्टाची बटणं लावत होते. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात अजून नीट चालत नव्हता. एक काज चुकलं होतं आणि अख्खा शर्ट वाकडा झाला होता.

"अहो अप्पा, किती वेळा सांगायचं? एवढं साधं जमत नाही? सोडा, मी लावते!"

अप्पांनी हात खाली घेतले. मग सावकाश भिंतीकडे वळून, तिच्याकडे पाठ करून बसले.

ती पाठ बघून ऋजुता चपापली. खाली मान घालून ती त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि वाट बघत राहिली. अप्पांनी पुन्हा सुरुवात केली. बटण निसटलं, परत निसटलं. ती गप्पच राहिली. शेवटी एकदाचं ते बरोबर काजात गेलं.

क्लिक!

तिनं दचकून वर पाहिलं. क्लिकर अप्पांच्या डाव्या हातात होता. थरथरत्या उजव्या हातानं त्यांनी कोथिंबिरीची काडी तिच्या तोंडाशी धरली.

"ओरडली नाहीस," ते अडखळत म्हणाले. "घे."

तिनं काडी तोंडात घेतली, पण तिला ती चावता येईना.