याहून शांत पंखा

"काका, याहून शांत पंखा नाही?" ॲम्प्लिफायर थंड ठेवणारा चौथा छोटा पंखा डाव्या कानाशी धरून तिने विचारलं.

तिच्या नवऱ्याचा ॲम्प्लिफायर उघडून बसलेले मेकॅनिक गुंजाळ हसले. "बाई, हा तर मांजरालाही ऐकू येणार नाही."

"ह्यांना येईल. गाण्यात घरघर आली, की हाताला लागेल त्याने मारतात. परवा माझ्या उजव्या कानावर हेडफोनचा स्टँड घातला. तो कान गेला."

गुंजाळांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. चाळीस वर्षं कानसेनांची यंत्रं दुरुस्त करून त्यांना एक गोष्ट कळली होती. "पोरी, एक आवाज बंद केला की त्याच्यामागचा ऐकू येतो. आज पंखा, उद्या घड्याळ. मग?"

"मग माझा श्वास," ती म्हणाली.

पंखा तिने काउंटरवर ठेवला. "पोलीस चौकीपर्यंत येता, काका?"

गुंजाळांनी शटर ओढलं.