बुरुजाखालचं थडगं

नदीवर नवा धक्का बांधायचं ठरलं ते एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. गोऱ्यांनी काठावर बांधलेल्या किल्ल्याचा एकच बुरूज उरला होता, आणि त्याला टेकून काकूंची चहाची टपरी. बुरूज पडला की टपरीही गेली.

"पडक्या दगडांपायी काम अडवता येत नाही, काकू," इंजिनिअर चहा फुंकत म्हणाला. "कुणी मोठा माणूस इथे पुरलेला असता, तर गोष्ट वेगळी."

त्याच आठवड्यात समुद्रापलीकडून एक म्हाताऱ्या बाई आल्या. किल्ल्याचा शेवटचा कप्तान त्यांचा खापरपणजोबा. त्याला बुरुजाखाली पुरलंय, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तिथे थडगं एकच होतं. बिननावाचा दगड, भोवती फुलझाडं.

"हे तुम्ही राखलंत?" बाईंनी मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं. इंजिनिअर कान टवकारून उभा होता.

"मग! दगड आमच्या ह्यांनी बसवला. झाडांना मी रोज पाणी घालते."

"कसा होता हो तो? इथली माणसं काय सांगतात?"

काकूंनी एकदा बुरुजाकडे पाहिलं, एकदा टपरीकडे.

"हट्टी," त्या म्हणाल्या. "अडला की अडला, मग कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. पण मनात पाप नाही. आणि आवाज म्हणाल, तर पलीकडच्या काठापर्यंत!"

बाई टाळी देऊन हसल्या. "आमचं सगळं घराणंच असं!"

"दिसतंय ते," इंजिनिअर पुटपुटला.

"शेवटी शेवटी सगळा भार त्याच्याच पाठीवर," काकूंचा आवाज जड झाला. "पण कुरकुर म्हणून नाही."

बाईंनी पदर नसल्यामुळे बाहीलाच डोळे पुसले. थडग्याची माती डबीत घेतली आणि तडक इंजिनिअरच्या साहेबाला जाऊन धरलं.

धक्का खालच्या वळणावर गेला. इंजिनिअरला बढती मिळाली, पण चहाला तो इथेच यायचा. काकू थकल्या, टपरी आता सून चालवते, आणि तिचा चहा पातळ असतो असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. बाईंनी घरी नेलेल्या मातीवर संगमरवरी चौथरा बांधला, त्याच्यावर झेंडा लावला आणि फोटो पाठवला.

फोटो बघून काकूंचे डोळे भरून आले. उभा जन्म टपरीसाठी नदीचं पाणी वाहून मेलेल्या त्यांच्या गाढवाला एवढा मान आजवर कुणी दिला होता?