फोटोतले काळे केस

"मॅडम, कार्डावरच्या फोटोत केस काळे आहेत," संस्थेच्या गेटवर डॉ. उकिडव्यांना अडवत वॉचमन म्हणाला.

त्या याच संस्थेत संधिवातावर संशोधन करायच्या. शरीराची राखण करणाऱ्या पेशी आपल्याच सांध्यांना परकं समजून का झोडपतात, हे शोधता शोधता केस पिकले होते. आज समितीपुढे हजर झाल्या नाहीत, तर प्रयोगशाळा हातची जाणार होती.

तेवढ्यात गुडघ्याच्या तेलाचा एक विक्रेता आला. वॉचमनने सलाम ठोकला. "या साहेब!"

"अहो, तो बाहेरचा आहे!"

"म्हणून तर. कार्ड फक्त आतल्यांना लागतं."

बाईंनी गेटवरच वॉचमनला तो आजार समजावला. "असल्या पेशींना आधी कामावरून काढा," तो कळवळून म्हणाला. आत सोडलं मात्र नाही.

तासाभराने तेलवाला घाबराघुबरा बाहेर आला. "ताई, समितीला वाटलं, शास्त्रज्ञ मीच. अध्यक्षांचा गुडघा चोळून दिला, तर त्यांनी प्रयोगशाळाच माझ्या नावावर केली. सोमवारपासून यायचंय. आत करतात काय हो?"

"म्हणजे आता तुम्ही आतले," वॉचमन म्हणाला. "कार्ड दाखवा."

मग बाईंकडे वळून त्याने कडक सलाम ठोकला. "या मॅडम!"