लाल खडू

दिव्याखाली पंधरा मिनिटं स्वस्थ बसायचं, एवढंच पथ्य होतं. मास्तरांना नेमकं तेवढंच जमत नव्हतं.

लाल प्रकाशाचा हा दिवा फिजिओथेरपिस्ट बाईंनी वापरायला दिला होता. आठवडाभर रोज संध्याकाळी मुलगी शिवणकामाच्या दुकानाचं दार ओढून घ्यायची, ट्यूब बंद करायची, कारण दोन्ही उजेड एकदम असले की मास्तरांच्या डोळ्यांना पाणी यायचं. मग दिवा त्यांच्या मानेमागे लावून ती आतल्या खोलीत मशीनवर जाऊन बसायची. चाळीस वर्षं कापडावर वाकून मान जी पुढे आली होती ती आलीच होती. दुखणं दहापैकी किती, असं बाईंनी विचारलं तेव्हा मास्तरांनी सात सांगितलं. बायको जाऊन तीन महिने झाले, त्याचं किती, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर शून्य म्हणावं लागलं असतं. रडू आलं नव्हतं, जेवण जात होतं, झोपही लागत होती. मान तेवढी दुखत होती, आणि खरं सांगायचं तर मास्तरांना तिचाच आधार वाटत होता.

आज तिसऱ्याच मिनिटाला ते स्टुलावरून उठले, दिवा उंच केला आणि कटिंगच्या टेबलापाशी उभे राहिले. मागून शेक, पुढे काम. कपाटातून त्यांनी दुधी रंगाचं कापड काढलं. मुलीच्या लग्नात घालायचा त्यांचा स्वतःचा, उभ्या कॉलरचा कोट. लग्न बारा दिवसांवर आलं होतं. निळ्या खडूच्या रेघा त्यांनी बायको आजारी पडायच्या आदल्या दिवशीच मारल्या होत्या, तेही जुन्या कोटाच्या मापाचा कागद ठेवून. माप घ्या म्हणून ती मागे लागली होती. स्वतःचं माप काय घ्यायचं, म्हणून त्यांनी ते उडवून लावलं. मग बघते मी एकदा, असं म्हणत तिने कापड आपल्याकडे ओढलं. तिने घातलेली घडी त्यानंतर कुणी मोडली नव्हती.

दुकानाची रीतच तशी होती. रेघा मास्तरांच्या, निळ्या. दुरुस्ती तिची, लाल. गिऱ्हाईक आरशासमोर पोट आत ओढून उभं राहायचं आणि मास्तर त्यावर विश्वास ठेवायचे. ती ठेवायची नाही. कुणाचा उजवा खांदा उतरलाय, कुणाच्या पाठीला बाक आलाय, हे माणूस दारातून आत येतानाच तिने हेरलेलं असायचं. लाल रेघ असेल तर लालवर कापायचं, नसेल तर निळ्यावर, आणि त्यावर वाद घालायचा नाही. आमच्या बाईंनी नाक खुपसलं नाही असं कापड अजून विणलं गेलेलं नाही, असं मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे. ती आतून सगळं ऐकायची आणि खडूला टोक काढत बसायची.

मास्तरांनी घडी उलगडली. दिव्याच्या उजेडात निळ्या रेघा काळ्या दिसत होत्या. लाल कुठेच नव्हतं. त्यांनी दोन्ही तळव्यांनी कापड सारखं केलं आणि पुन्हा पाहिलं. खांदे, मुंढे, गळा. कुठेही नाही.

म्हणजे या खेपेला तिला काही खोट सापडली नव्हती. मास्तरांना तीन महिन्यांत पहिल्यांदा जरासं हसू आलं.

"शेवटी जमलं म्हणायचं मला," ते पुटपुटले आणि त्यांनी कात्री उचलली.

पाठीच्या तुकड्याचा गळा त्यांनी एका दमात कापला. कापलेली पट्टी टेबलावरून खाली घसरली. मान आज खरंच कमी दुखत होती.

पंधरा मिनिटं झाली आणि दिवा आपोआप बंद झाला. मुलीने येऊन ट्यूब लावली. बसायला सांगितलं होतं ना, असं काहीतरी ती बोलत होती. बोलता बोलता तिने खाली पडलेली पट्टी उचलली आणि ट्यूबखाली धरली.

पट्टीवर लाल रेघ होती. निळीच्या दोन बोटं वर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत ओढलेली.

लाल उजेडात लाल खडू दिसत नाही. सगळा जन्म कापडाच्या रंगांत काढलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. मास्तरांनी उरलेलं कापड उलटसुलट करून पाहिलं. दुसरीकडे कुठेच तिने हात लावला नव्हता. फक्त मागचा गळा वर घेतला होता. जुना कागद ताठ मानेच्या माणसाचा होता. तुम्ही वाकलात, हे तिने कधी तोंडाने सांगितलं नव्हतं.

"मानेवर धर बघू," मास्तर म्हणाले.

मुलीने कापलेला तुकडा त्यांच्या पाठीवर ठेवला आणि पट्टी त्याला वरून भिडवली. लाल रेघ मानेच्या बाकावर जिथल्या तिथे बसली. इंचटेप न लावता मारलेली रेघ होती ती. मास्तरांनी टेबलाची कड घट्ट धरली. मुलीने विचारलं, दुखतंय का. त्यांनी मान हलवली, हो.

असं कापड आता बाजारात मिळणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"खालून पट्टी लावून जोडते," ती म्हणाली. "पण बाबा, जोड दिसेल. कॉलरच्या खालीच येतोय."

मानेवर जोड असलेला कोट मास्तरांनी आजवर दुकानाच्या बाहेर जाऊ दिला नव्हता.

"दिसू दे," ते म्हणाले. "खडू तेवढा झटकू नकोस."